आफ्रिकेला निघालात? निदान या चुका तरी टाळा

मागच्या आठवड्यात सात रस्त्यावर चहा पिताना एका ओळखीच्यांनी गाठलं. "अण्णा, दिवाळीत आफ्रिका करायचं म्हणतोय. किती पडतंय?" मी विचारलं, आफ्रिकेत कुठं? "आफ्रिकेतच की ओ. सिंह, पिरॅमिड, ते केपटाऊन, सगळं." दिवस किती? "नऊ."

बारा वर्षं मी सोलापुरातून आठ-दहा जणांचे गट घेऊन तिकडं जातोय आणि बारा वर्षं हाच संवाद ऐकतोय. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर एका दिवसात उरकायची आपल्याला सवय. त्याच हिशोबानं लोक खंड उरकायला निघतात.

जरा नकाशा बघा. आफ्रिकेत 54 देश आहेत. क्षेत्रफळ सुमारे 3 कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे आपला भारत त्यात नऊ वेळा मावतो. कैरोहून केपटाऊन सरळ रेषेत साधारण 7,200 किलोमीटर. मुंबईहून लंडनही जवळपास तेवढंच. मुंबई आणि लंडन एकाच सहलीत "जाता जाता" बघू, असं कुणी म्हणत नाही. आफ्रिकेबद्दल मात्र बिनधास्त म्हणतात.

एका व्यापारी कुटुंबानं माझं न ऐकता हाच बेत कुणाकडून तरी करून घेतला होता. तीन देश, नऊ रात्री. त्यातल्या तीन विमानात किंवा विमानतळावरच्या खुर्चीत गेल्या. केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात एकच मुक्काम. नैरोबीहून रस्त्यानं पाच-सहा तास, शेवटचा टप्पा हाडं खिळखिळी करणारा. संध्याकाळी पोचले, सकाळी दोन तास फिरले, दुपारी परत. सिंह दिसला, झोपलेला. दिवसाचा बहुतेक वेळ तो झोपूनच काढतो, त्यात त्याचा काय दोष? परत आल्यावर काकू म्हणाल्या, "आमच्या फोटोत सिंहापेक्षा बॅगाच जास्त आहेत."

माझा नियम साधा आहे. एका खेपेला एक देश, फार तर शेजारचा दुसरा. एका जंगलात किमान तीन रात्री. हे ऐकून ज्यांचं तोंड वाकडं होतं, त्यांना मी दुसऱ्याचा नंबर देतो.

पिवळ्या कार्डाचा घोळ

यावर सविस्तर लिहितो, कारण दर वर्षी कुणीतरी यात अडकतंच.

केनिया, युगांडा, इथिओपिया अशा देशांत पीतज्वराचा (यलो फीव्हर, डासांमुळे होणारा ताप) धोका आहे. तिथून भारतात परतताना लसीचा दाखला, म्हणजे ते पिवळं कार्ड, मागतात. नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस गल्लीतल्या डॉक्टरकडे मिळत नाही, सरकारनं नेमलेल्या ठरावीक केंद्रांतच मिळते. तिथले वार ठरलेले, आधी नाव नोंदवावं लागतं. मी स्वतः पुण्याला जाऊन घेतली. एकदा घेतली की दाखला जन्मभर चालतो, 2016 पासून तसा नियम आहे. पण तो लागू होतो लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी, आणि लोकांचा पाय नेमका इथं घसरतो.

माझ्या गटातलं एक जोडपं. मी दोन महिने आधीपासून मागे लागलो होतो. "अण्णा, एवढं काय असतंय त्यात, घेतो की." घेतली निघायच्या पाच दिवस आधी. त्यांचा हिशोब असा की भारतात परत येईपर्यंत दहा दिवस भरतातच. बरोबर. फक्त केनियात तीन दिवस काढून आम्ही झांझिबारला, म्हणजे टांझानियात, जाणार होतो, आणि केनियासारख्या देशातून येणाऱ्याकडे टांझानियाही हाच दाखला मागतं. नैरोबी विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं कार्डावरची तारीख बघितली, बोटं मोजली आणि मान हलवली. आठवाच दिवस होता. बाकीचे आठ जण समुद्राकडे गेले. हे दोघं नैरोबीत दोन रात्री स्वतःच्या पैशानं थांबले, झांझिबारच्या हॉटेलचे पैसेही बुडाले. नंतर आम्हाला येऊन मिळाले तेव्हा त्यातले काका माझ्याशी दीड दिवस बोलले नाहीत, जणू तारीख मीच टाकली होती.

आता मी तिकिटाचे पैसे घेण्याआधी कार्डाचा फोटो मागतो. कुणी "लस न घेता कार्ड करून देणारा माणूस आहे" असं सांगत आलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवतो. सही-शिक्का विकत मिळेल हो, पण डासाला कार्ड दाखवून काय उपयोग? साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची मोठी अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी नीट बोलून घ्यावं, त्यांना या लसीचा त्रास होऊ शकतो. मलेरियाच्या गोळ्यांचंही तसंच. त्या परत आल्यावरही काही दिवस चालू ठेवायच्या असतात. घरची भाकरी पोटात गेली की लोक गोळ्या बंद करतात.

सुट्टी तुमची, पाऊस त्यांचा

पोरांना मे महिन्यात सुट्टी, म्हणून मे महिन्यात केनिया. मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस. गवत कमरेएवढं, गाड्या चिखलात, आणि ज्या लाखो विल्डबीस्टसाठी (हरणांच्या कुळातला मोठा प्राणी) तुम्ही निघालात ते तेव्हा मारात नसतातच, टांझानियात असतात. मारात ते साधारण जुलै ते ऑक्टोबर. फेब्रुवारीत टांझानियातल्या सेरेंगेटी जंगलाच्या दक्षिणेला त्यांची पिल्लं जन्मतात. माझ्या मते नदी ओलांडण्याच्या गर्दीपेक्षा ते दृश्य सरस, पण व्हिडिओत दिसत नाही म्हणून कुणी मागत नाही. मे महिन्यातच जायचं असेल तर झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरचा व्हिक्टोरिया धबधबा बघा, तेव्हा पाणी भरपूर असतं. दिवाळीत तिथं जाल तर झांबियाच्या बाजूला बरेचसे नुसते कातळ दिसतील.

थंडीचंही कुणाच्या डोक्यात येत नाही. आफ्रिका म्हणजे आपल्या एप्रिलसारखी भट्टी, असं धरून लोक सुती सदरे घेऊन येतात. आपलं सोलापूर जेमतेम साडेचारशे मीटर उंचीवर, नैरोबी सतराशेच्या वर, टांझानियातल्या गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या खोलगट विवराचा काठ बावीसशेच्या वर. जुलैत पहाटे उघड्या टपाच्या गाडीत दात वाजतात. मी सोलापुरी चादर नेतो. एका ड्रायव्हरनं ती इतकी निरखून बघितली की पुढच्या खेपेला त्याच्यासाठी एक नेली.

किरकोळ, पण रोजचं

शेंगाचटणी आणि कडक भाकरी जरूर न्या, पण कॅरीबॅगमध्ये नको. केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. स्टीलचा डबा घ्या, भाकरी फडक्यात बांधा.

चाकांची मोठी सुटकेस छोट्या विमानात घेत नाहीत. मऊ बॅग, पंधरा किलोच्या आत.

2006 च्या आधी छापलेले डॉलर बरेच जण नाकारतात. फाटकी नोटही.

निळे आणि काळे कपडे जंगलात टाळा. त्सेत्से माशी त्या रंगांवर येते आणि जीन्समधूनही चावते.

केनियात प्रवेशाची परवानगी सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणारी दुकानं जादा पैसे उकळतात.

ड्रायव्हरला "रस्ता सोडून घे, जवळ घे" म्हणून भरीला पाडू नका. दंड त्याला बसतो.

वाघ विचारू नका, तो तिथं नाही.

आणि यादी घेऊन बसणारे. सिंह, बिबट्या, हत्ती, म्हैस, गेंडा, पाचावर खुणा झाल्या की "चला, झालं." सेरेंगेटीत एकदा गवतात कोरी बस्टर्ड उभा होता, आपल्या माळढोकाचा जाडजूड चुलतभाऊ. नान्नजच्या माळावर माळढोकासाठी मी किती सकाळी घालवल्या आहेत ते माझं मला माहीत. मी गाडी थांबवली तर मागून आवाज आला, "अण्णा, कोंबडी काय बघताय, सिंहाकडं चला." त्या गटातल्या कुणी नान्नज पाहिलेलं नव्हतं. सोलापूरहून ते वीसेक किलोमीटर.

शेवटची चूक माझी स्वतःची आहे. दुकानाला 'दुका', हिशोबाला 'हेसाबु', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' म्हणतात हे कळल्यावर मला वाटलं, स्वाहिली, म्हणजे केनिया-टांझानियाची भाषा, आली आपल्याला. टांझानियातल्या आरुशा गावात रात्री ड्रायव्हरला ऐटीत सांगितलं, "उद्या सा कुमी ना मोजा." म्हणजे तास अकरावा. लोक दमलेत, अकरापर्यंत झोपू देत. पण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आणि त्यांचे अकरा म्हणजे आपले पाच. पहाटे पाचला हॉर्न वाजला. तेव्हापासून मी घड्याळाचे काटे फिरवून हवी ती वेळ लावतो आणि मनगट ड्रायव्हरपुढे धरतो.