टर्मिनलमधून नावाच्या नमुन्यावरून फाइल कशी शोधावी

फाइलचे पूर्ण नाव आठवत नसेल, पण ते ‘अहवाल’ या शब्दाने सुरू होते एवढे नक्की ठाऊक असेल, तर लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर ‘फाइंड’ या आदेशाइतके भरवशाचे साधन मला दुसरे सापडलेले नाही. टर्मिनल, म्हणजे आदेश टाइप करण्याची खिडकी, उघडून पुढील ओळ द्यावी. तीतील फाइंड आणि नेम हे शब्द मात्र इंग्रजी अक्षरांत टाइप करावेत.

फाइंड ~ -नेम 'अहवाल*'

~ हे चिन्ह म्हणजे आपले होम फोल्डर. त्यातील उपफोल्डर आपोआप तपासले जातात. तारका (*) कितीही अक्षरांसाठी, प्रश्नचिन्ह (?) नेमक्या एका अक्षरासाठी.

नमुन्याभोवतीची अवतरणचिन्हे ऐच्छिक आहेत, असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. तारका प्रथम फाइंडच्या नव्हे, तर आपला आदेश वाचणाऱ्या शेलच्या हाती पडते. अवतरणचिन्हे नसतील तर शेल आपण त्या क्षणी ज्या फोल्डरमध्ये आहोत तेथील जुळणारी नावे गोळा करतो, नमुन्याच्या जागी ती भरतो आणि मगच ओळ फाइंडकडे सोपवतो. तेथे जुळणारी एकही फाइल नसेल, तर बॅश हा शेल तारका तशीच पुढे पाठवतो, शोध बिनचूक होतो आणि वाईट सवय पक्की होते; २०१९ पासून मॅकवर मूळचा असलेला झेडएसएच हा शेल मात्र तेथेच थांबतो. दोन-तीन फाइली जुळल्या, तर फाइंड चूक दाखवतो, त्यामुळे निदान काहीतरी बिघडल्याचे कळते.

घात होतो तो नेमकी एकच फाइल जुळते तेव्हा. माझ्या चालू फोल्डरमध्ये ‘अहवाल-मार्च’ ही एकच फाइल होती. शेलने नमुन्याच्या जागी तेच नाव भरले, फाइंडने इमानेइतबारे तेवढेच शोधले, आणि बाकीचे अहवाल नष्ट झाले असे समजून मी ते पुन्हा लिहायला बसलो. चुकीचा कोणताही संदेश आला नव्हता. तेव्हापासून नमुना कितीही साधा असला तरी मी तो एकेरी अवतरणचिन्हांतच लिहितो, आणि इतरांनीही तसेच करावे असा माझा आग्रह आहे.

देवनागरी नावांत प्रश्नचिन्ह जपून वापरावे, कारण संगणक काना, वेलांटी आणि हलन्त स्वतंत्र मोजतो: ‘कविता’ या शब्दासाठी तीन नव्हे, पाच प्रश्नचिन्हे लागतात, तर ‘पत्र’साठी चार. मोजण्यापेक्षा तारका बरी.

नमुना संपूर्ण नावाशी जुळावा लागतो. शब्द मध्येच असेल तर दोन्ही बाजूंना तारका द्यावी. इंग्रजी नावांतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद नको असेल तर नेमऐवजी आयनेम (iname) वापरावे.

सापडलेल्या फाइली याच आदेशाने पुसायच्या असतील, तर आधी नुसती यादी पाहावी आणि मगच -डिलीट जोडावे, तेही ओळीच्या अगदी शेवटी. ते -नेमच्या आधी आले तर नमुना तपासला जाण्यापूर्वीच होम फोल्डरमधील सारे काही पुसले जाते.