दंडाच्या फ्रॅक्चरला टीव्हा (सगळी भूल शिरेतूनच) देताय? या चुका टाळा

दंडाचं हाड मोडलेला पेशंट टेबलवर आला की आपल्याला, म्हणजे भूल देणाऱ्याला, एकच हात मिळतो, दुसरा सर्जनचा. त्याच हातात प्रोपोफॉलची (भुलीचं पांढरं औषध) लाईन अन त्यालाच बीपीचा कफ, हे नागपुरात इतक्यांदा पाहिलं की आता रागच येतो. कफ फुगला की औषध अडतं, उतरला की अडलेलं एकदम आत जातं. कफ पायाला बांधा. पण बीच चेअरमध्ये (पेशंट अर्धवट बसवलेला) पायाचं बीपी मेंदूचं समजू नका, दर सेंटीमीटर उंचीला साधारण 0.77 मिमी वजा करा. कफ कानाच्या 60 सेंमी खाली असला तर 46 चा फरक पडतो, पायाला मीन (सरासरी) बीपी 80 दिसतंय तेव्हा मेंदूला हिशोबाने 34च!

दुसरी चूक, लाईन ड्रेपखाली झाकणं. एका मे महिन्यात प्लेटिंग (हाडाला पट्टी बसवणं) चालू होतं, पेशंट रिलॅक्संटवर (स्नायू ढिले करणारं औषध, जागा झाला तरी हलता येत नाही), पल्स 78 वरून 112 वर गेली. ज्युनिअर म्हणाला, सर दुखत असेल, फेंटानिल देतो. मी म्हटलं थांब रे, आधी चादर उचल. हाताखालची चादर पांढरी ओली झालेली, थ्री-वे (लाईनचा तीन तोंडांचा जोड) ढिला, सगळं प्रोपोफॉल गादीत, अन पंप बिचारा बिनबोभाट चालू. लगेच सेवोफ्लुरेन (श्वासातून द्यायची भूल) उघडलं, मग लाईन नीट केली. दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन पेशंटला विचारलं, काही आठवतं का? नाही म्हणाला, तेव्हा जीवात जीव आला. तेव्हापासून कॅन्युला उघडीच ठेवतो, जोड ल्युअर लॉकचेच (फिरवून घट्ट बसणारे), सलाईनच्या लाईनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (औषध उलटं चढू नये म्हणून), रिलॅक्संट असेल तर बीआयएस (भूल किती खोल ते मेंदूच्या लहरींवरून दाखवणारा मॉनिटर) लावतोच, आणि दर पाच मिनिटांनी हाताकडे बघतो. पंपाचा अलार्म प्रेशर वाढलं तर वाजतो, गळलं तर नाही वाजत, राजेहो.

बाथरूममध्ये पडलेल्या आजींना 2 मिग्रॅ पर किलो धाडकन ढकलू नका. आपल्या उन्हाळ्यात रात्रीपासून उपाशी, त्यात सुकलेल्या, बीपी कोसळतंच. आधी सलाईन, मग 1 मिग्रॅ पर किलोच्या आसपास, हळूहळू. घाई असलेल्याने ही केस घेऊच नये.

बिअर ब्लॉकने (हात वर आवळून शिरेत बधिरतेचं औषध भरणं) दंडाचं काम होत नाही, टूर्निके (आवळायचा पट्टा) तिथेच तर बांधावा लागतो.

फोडलेली प्रोपोफॉलची वायल दुपारच्या केसला ठेवू नका, त्या चरबीत जंतू वाढतात.

अन सोबत ब्लॉक (नर्व्ह बधिर करणारं इंजेक्शन) देणार असाल तर आधी पेशंटला मनगट वर उचलायला सांगा, उचललं की नाही ते कागदावर लिहा. दंडाच्या फ्रॅक्चरमध्ये रेडियल नर्व्ह (मनगट उचलणारी) आधीच गेलेली असू शकते, नाहीतर सगळं तुमच्या सुईवर येतं.