टेन्साइल टेस्ट: मशीनचा स्पीड म्हणजे स्ट्रेन रेट नाही बरं का

टेन्साइल टेस्ट म्हणजे धातूचा किंवा प्लास्टिकचा तुकडा मशीनवर तुटेपर्यंत ओढून त्याची ताकद मोजणं, आणि स्ट्रेन रेट म्हणजे तो तुकडा त्याच्या लांबीच्या मानाने सेकंदाला किती लांबतो ते. आधी घरीच बघा. दुधाची रिकामी पिशवी धुवून तिच्या बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या कापा. एक सावकाश ओढा, मस्त लांबत जाते. दुसरी हिसका देऊन ओढा, बहुतेक वेळा लगेच तुटते. पिशवी तीच, फरक फक्त वेगाचा. स्टीलचंही असंच असतं, फक्त कमी प्रमाणात, म्हणून ते डोळ्याला दिसत नाही, थेट रिपोर्टमधे दिसतं.

मी भोसरीत टेस्टिंग करतो. मागे एका कस्टमरचा फोन, तुमचं यील्ड (ज्या ताणाला स्टील कायमचं लांबायला लागतं तो आकडा) आमच्यापेक्षा दहा-बारा एमपीएने (मेगापास्कल, ताणाचं एकक) जास्त कसं? बार एकच, कॅलिब्रेशन दोघांचं ओके. शेवटी कळलं की आमचा जुना हायड्रॉलिक यूटीएम (ओढायचं मशीन), जेवायची वेळ झालेली आणि मी लोडिंग व्हॉल्व जरा जास्तच उघडला होता, म्हणून लोड भराभर चढला. गंमत म्हणजे तरी दोघंही स्टँडर्डमधेच! आयएस १६०८ च्या भाग १ मधे, म्हणजे आयएसओ ६८९२-१ मधे, पद्धत बी ला (यात ताण वाढण्याचा वेग ठरवतात) स्टीलसाठी सेकंदाला ६ ते ६० एमपीए चालतं, दहा पटीची मोकळीक आहे ही.

म्हणून जमत असेल तर पद्धत ए घ्या, स्ट्रेन रेटवर कंट्रोल. यील्डपर्यंत सेकंदाला ०.०००२५, ते झाल्यावर यूटीएससाठी (पीस सोसतो तो सगळ्यात जास्त ताण) ०.००६७ पर्यंत नेता येतं. हिशोब सोपा आहे, पॅरलल लेंग्थ (पीसच्या मधल्या एकसारख्या भागाची लांबी) गुणिले रेट. ६० मिमीच्या पीसला ०.०००२५ म्हणजे मिनिटाला ०.९ मिमी, आणि ०.००६७ म्हणजे साधारण २४ मिमी. स्पीड बदलायचा तो यील्ड किंवा प्रूफ स्ट्रेस (यील्ड स्पष्ट दिसत नसेल तर त्याच्या जागी घेतात तो ताण) नोंदवून झाल्यावरच, आधी बदललात तर कर्व्हला (ताण आणि लांबण्याच्या आलेखाला) खोटी पायरी येते आणि सॉफ्टवेअर तिलाच यील्ड समजून बसतं.

आता खरी मेख. हा हिशोब क्रॉसहेडचा (मशीनच्या सरकणाऱ्या आडव्या भागाचा) आहे, पीसचा नाही. सुरुवातीला क्रॉसहेडची बरीचशी हालचाल ग्रिप बसण्यात आणि फ्रेम ताणण्यातच जाते, पीसला त्यातला थोडाच भाग मिळतो. यील्ड आलं की पीस मऊ पडतो आणि सगळी हालचाल त्याच्याच वाट्याला येते, म्हणजे तुम्ही बटणाला हातही लावला नाही आणि रेट अचानक वाढला. एक्स्टेन्सोमीटर (पीसचं लांबणं थेट मोजणारं उपकरण) लावून त्याच्या फीडबॅकवर चालवा, नाहीतर निदान रिपोर्टमधे "क्रॉसहेड स्पीड इतका" असं सरळ लिहा.

रेटचा परिणाम मोजायचाच असेल तर एकाच बारचे, एकाच दिशेने कापलेले पीस घ्या, प्रत्येक रेटला निदान तीन, आणि रेट दहा पटीने लांब ठेवा, दुप्पट-तिप्पट केलं तर फरक स्कॅटरमधेच (दर पीसला आकडा थोडा इकडेतिकडे होतोच, त्यात) बुडतो. मग दोन यील्डच्या भागाकाराचा लॉग भागिले दोन रेटच्या भागाकाराचा लॉग, हा झाला तुमचा एम, म्हणजे रेटचा किती परिणाम होतो त्याचा आकडा. समजा दहा पट रेटला २५० चं २६२ झालं तर एम ०.०२ येतो. अॅल्युमिनियमला रूम टेंपरेचरला तो जवळजवळ शून्य, आणि मॅग्नेशियमवाल्या ग्रेडला तर कधी उणेही येतो, कर्व्हवर करवतीसारखे दात दिसतात, घाबरून मशीनवाल्याला फोन करू नका.

फास्ट टेस्टला डेटा घेण्याचा वेगही वाढवा, नाहीतर अप्पर यील्डचं (यील्ड सुरू होतानाच्या शिखराचं) टोक दोन पॉइंटच्या मधेच हरवतं. आणि तुटल्या तुटल्या नेकला, म्हणजे तुटण्याआधी बारीक झालेल्या भागाला, बोट लावून बघा (कडा जपून!), कोमट लागेल, कारण उष्णतेला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्यामुळे फास्ट टेस्टमधे पुढे पुढे तुम्ही रेट आणि टेंपरेचर दोन्ही एकदम बदलत असता.

प्लास्टिकला हे सगळं कितीतरी जास्त लागू. एएसटीएम डी६३८ मधे मिनिटाला ५, ५० आणि ५०० मिमी असे स्पीड आहेत, ५ चा रिझल्ट ५० च्या शेजारी ठेवून तुलना करूच नका. नायलॉन असेल आणि पुण्यातला जुलै असेल तर आधी कंडिशनिंग करा (ठरलेल्या टेंपरेचरला आणि ओलाव्याला पीस ठेवा), ओल पिऊन तो इतका मऊ होतो की स्पीडचा फरक कुठला आणि पावसाचा कुठला ते सांगता येत नाही.