ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल सोलकढीसारखे दिसले तर
कात्रज घाट चढताना ऑटोमॅटिक गाडीचे गिअर धक्के देऊ लागले आणि बाहेर कुठेही गळती न दिसता कूलंटही (इंजिन थंड ठेवणारे द्रवही) घटत असेल, तर रेडिएटरमधला गिअर ऑइल थंड करणारा भाग आतून फुटल्याची शंका घ्यावी.

गिअरबॉक्सची डिपस्टिक (तेल तपासायची पट्टी) पांढऱ्या कागदावर टेकवून पाहावी. बहुतेक गाड्यांचे चांगले तेल लाल आणि पारदर्शक असते. कूलंट मिसळलेले तेल थेट सोलकढीसारखे गुलाबी, दुधाळ दिसते. डिपस्टिक नसेल, तर गॅरेजमध्ये ड्रेन बोल्टमधून नमुना काढून घ्यावा.

१. इंजिन लगेच बंद करावे आणि स्वारगेटपर्यंतच जायचे असले तरी गाडी फ्लॅटबेडवरूनच (गाडी पूर्ण वर चढवून नेणाऱ्या ट्रकवरूनच) न्यावी, कारण कूलंटमुळे गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटचे अस्तर सुटू लागते.
२. आधी रेडिएटर बदलावा, मगच तेल.
३. एकदा ड्रेन केल्यावर टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) बरेच दूषित तेल उरते. म्हणून फिल्टर बदलून, तेल स्वच्छ लाल येईपर्यंत फ्लशिंग करण्याचा आग्रह धरावा. इथे काटकसर मुळीच करू नये.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये.