गारा पडायला लागल्या की शेताकडं पळू नका, आधी माणूस आणि जनावर

राम राम मंडळी. फेब्रुवारी संपत आलाय, दुपारी उकडायलंय आणि संध्याकाळी ढग गोळा व्हायलेत, गहू-हरभरा काढणीला आलाय, ज्वारी उभी आहे, कांदा पोसतोय. म्हणजे बरोब्बर तेच दिवस ज्यात गारपीट आपल्याला गाठते, म्हणून आत्ताच लिहितोय. गारा पडून गेल्यावर वाचून काय उपयोग.

आधी आमच्या घरचं सांगतो. २०१४ चा मार्च. लातूर जिल्ह्यात राहतो, त्या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात, विदर्भात, उत्तर महाराष्ट्रात गारांनी थैमान घातलं होतं, आठवत असेल सगळ्यांना. त्या दिवशी सकाळपासून पान हलत नव्हतं. दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेला फुलकोबीच्या गड्ड्यासारखा पांढरा ढग वर वर चढत गेला आणि बघता बघता खालून काळा पडला, मग एकदम गार वारं सुटलं, इतकं गार की अंगावर काटा आला. आमचं घर पत्र्याचं. पहिली गार पडली ती टण्ण करून, सगळे वर बघायला लागलो, मग दुसरी, तिसरी, आणि त्यानंतर वेगळी गार ऐकूच येईना, नुसता एकच आवाज, शेजारी बसलेल्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू जाईना. आज्जी म्हणायली अंगणात विळा टाका म्हणजे गारा थांबतात, आणि ती स्वतःच दार उघडून निघाली होती, आईनं तिला दंडाला धरून मागं ओढलं.

पण धाकट्या भावाला कोणी धरलं नाही. हरभरा काढून रानात ढीग घातला होता, ताडपत्री अर्धवट टाकलेली, तो "झाकून येतो" म्हणून पळाला. घरापासून ढीग दोनशे पावलांवर. परत आला तेव्हा डोक्यातून रक्त, दोन्ही हात डोक्यावर धरलेले म्हणून बोटं सुजलेली, डोक्याला टाके पडले. आणि ढीग? ताडपत्री वाऱ्यानं कधीच उडाली होती. गारा सगळ्या मिळून पंधरा मिनिटं पडल्या असतील. तेवढ्या वेळात शेतात जाऊन माणूस काहीच वाचवू शकत नाही हे मी तेव्हा डोळ्यानं बघितलंय, म्हणून कळकळीनं सांगतोय की जे करायचं ते आधी करा आणि नंतर करा, मधली पंधरा-वीस मिनिटं घरात बसा.

आता आधी काय करायचं ते. हवामान खात्याचा यलो, ऑरेंज अलर्ट आला की आपल्याकडं लोक म्हणतात रोजच येतो, काही होत नाही. मान्य आहे, गार पडते ती पट्ट्यात पडते, एका शिवारात सगळं झोडपून जातं आणि शेजारच्या गावात नुसती भुरभुर. पण ज्या दिवशी "गारपीट" हा शब्द अंदाजात आहे त्या दिवशी काढलेला माल रानात ठेवू नका, एवढं तरी पाळा. मंगळवार-शुक्रवारी कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला येतो, तो जिल्हावार असतो, मेघदूत ॲपवर मराठीत दिसतो. आणि विजेसाठी दामिनी ॲप, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेनं केलेलं आहे, आपल्या आसपास वीज पडायची शक्यता असेल तर सांगतं. गारांचा ढग आणि विजेचा ढग एकच असतो हे लक्षात ठेवा, गारांनी डोकं फुटतं पण विजेनं माणूस जागेवर जातो.

गहू, हरभरा पिकलाय आणि चार दिवसांत काढणी आहेच तर अंदाज बघून दोन दिवस अलीकडं काढा, दाण्यात थोडा ओलावा राहिला तरी चालतो, घरी आणून वाळवता येतो. नंतर दाताखाली कडकन मोडेपर्यंत ऊन द्या मगच पोत्यात भरा. ढीग रानात ठेवावाच लागला तर उंचवट्यावर ठेवा, भोवती वीतभर चर काढा, आणि ताडपत्रीवर नुसते दगड ठेवू नका. आमची तशीच उडाली. कडेच्या कड्यांतून दोरी ओवून खुंट्या ठोकून बांधा. अजून एक, ऊन पडलं की ताडपत्री उघडा, बरेच जण आठ-आठ दिवस झाकून ठेवतात, आतून घाम सुटतो आणि गारांनी वाचलेला माल बुरशीनं जातो. हळद शिजवून वाळत घातली असेल त्यांनी तर रोज संध्याकाळी गोळा करायचीच सवय ठेवा. ज्वारीचं कणीस भिजलं की दाणा काळा पडतो, बाजारात भाव निम्म्यावर येतो, म्हणून काढणीला आलेली ज्वारी ढगाकडं बघत ठेवू नका.

घराचं पण बघा, शेतीच्या नादात ते राहून जातं. पत्र्यावर वाऱ्यानं उडू नये म्हणून आपण दगड ठेवतो, वादळात तेच दगड खाली येतात, त्यापेक्षा हुक मारून पत्रा घट्ट करा. सिमेंटचे पत्रे मोठ्या गारेला फुटतात आणि तुकडे आत पडतात, तेव्हा अशा घरात पोरांना आणि म्हाताऱ्यांना बाजेखाली किंवा पलंगाखाली बसवायचं, सरळ सांगतो, लाजायचं नाही. शेजारी स्लॅबचं घर असेल तर ढग दिसताच तिकडं जा. गारा-विजा चालू असताना पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर बंद करायला किंवा चालू करायला जाऊ नका. मोठ्या झाडाखालच्या पत्र्याच्या शेडमध्ये तर मुळीच थांबू नका. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसला वादळात कडुलिंबाचं मोठं झाड मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर पडलं आणि आसऱ्याला थांबलेल्यातली सात माणसं गेली.

जनावरं. आमची म्हैस त्या दिवशी अंगणातल्या लिंबाला बांधलेली होती, दावं इतकं ओढलं की गळ्याला कातडं सोललं, पण गाठ सुटेना. नंतर तिच्या पाठीवर टेंगळं आली होती, हात लावू देत नव्हती, दोन दिवस दूध चोरलं. तेव्हापासून आम्ही मार्च-एप्रिल-मे दुपारी दोननंतर जनावर झाडाला बांधत नाही. गोठा साधा असला तरी चालेल पण वर छप्पर पाहिजे. मेंढरं-शेळ्या रानात असतील तर ढग चढताना दिसला की लगेच वळवा, शेवटची चक्कर मारू द्या म्हणू नका. मार लागला तर जखम पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यानं धुवा, हळद-तेल लावा, भिजलेलं वासरू-करडू पोत्यानं कोरडं करून उबेला ठेवा, आणि जनावर चारा सोडून उभं राहिलं तर डॉक्टरला बोलवायला उशीर करू नका, आतला मार दिसत नाही. झाडाखाली मेलेले पोपट, कावळे, बगळे पडतात, त्या वेळी आमच्या लिंबाखाली पाटी भरून निघाले होते, ते तसेच टाकू नका, खोल खड्डा करून चुना टाकून पुरा.

गारा थांबल्या की लगेच दार उघडून बाहेर पडायची घाई नको, शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास थांबा. मग पहिलं काम मोबाईल. होय, फावड्याच्या आधी मोबाईल. गारा वितळायच्या आत बांधावरून, पिकातून, गट नंबरची खूण दिसेल असे फोटो-व्हिडिओ काढा, लोकेशन आणि तारीख फोटोवर येईल असं कॅमेऱ्याचं ॲप ठेवा. आमच्याकडं २०१४ ला दुसऱ्या दिवशी सकाळीपण बांधाच्या सावलीला गारांचा ढीग तसाच पडलेला होता, लांबून कापूस वाळत घातल्यासारखा, पण एकाकडंही नीट फोटो नव्हता.

पीकविमा आणि सरकारी मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकत्र करतात आणि दोन्हीकडून राहतात. सरकारी मदतीसाठी तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक मिळून पंचनामा करतात आणि ३३ टक्के किंवा त्याच्या वर नुकसान पाहिजे. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून पिकाची नोंद, केलेली नसेल तर सातबाऱ्यावर पीकच दिसत नाही, तेव्हा ती मुदतीत करून टाका, गारपिटीनंतर रडून उपयोग नाही. विम्याचे नियम मधूनमधून बदलतात, म्हणून स्वतःच्या पावतीवर गारपिटीचं संरक्षण आहे का ते बघून ठेवा. फळबागेच्या हवामान आधारित विम्यात गारपिटीचा हप्ता वेगळा भरावा लागतो, तो भरलाय का हे खूप जणांना स्वतःलाच माहीत नसतं. ज्यांना संरक्षण आहे त्यांनी ७२ तासांच्या आत कळवायचं, क्रॉप इन्शुरन्स ॲपवरून किंवा १४४४७ वर, आणि तक्रारीचा नंबर वहीत लिहून ठेवायचा. पंचनामा होईपर्यंत रान तसंच ठेवायचं का, असं सगळे विचारतात. माझं मत असं की पाणी काढायला कुणाची वाट बघू नका, पण पीक मोडून रान नांगरायची घाई करू नका, पंचनामा लांबला तर फोटो आहेतच, निदान एक-दोन सऱ्या न हलवता ठेवा.

आता पिकाचं. गार पडते तेव्हा मार तर बसतोच, पण खरं नुकसान पुढच्या आठ दिवसांत होतं, कारण पान, साल, फळ सगळीकडं जखमा झालेल्या असतात आणि त्यातून बुरशी-जिवाणू आत शिरतात. म्हणून आधी चर काढून रानातलं पाणी बाहेर काढा, मग वाफसा आला, म्हणजे चिखल ओसरून रानात चालता यायला लागलं, की फवारणी. कांद्याच्या पातीवर जखमा झाल्या की जांभळा करपा हा बुरशीचा रोग येतो, मॅन्कोझेब हे बुरशीनाशक १० लिटर पाण्याला २५ ग्रॅम आणि सोबत औषध पानाला चिकटवणारं स्टिकर, नाहीतर पातीवर थेंब टिकत नाही. काढून ठेवलेल्या कांद्याला मार लागला असेल तर तो चाळीत घालू नका, एक डागी कांदा भोवतीचे पाच सडवतो, वेगळा करून लगेच विका, भाव कमी मिळाला तरी.

डाळिंब, मोसंबी, संत्रा, आंबा यांच्या फांद्या ज्या बाजूनं वारं होतं त्या बाजूला सोललेल्या दिसतील. मोडकी फांदी लोंबकळत ठेवू नका, धारदार कात्रीनं सरळ काप घ्या, आणि खोड-फांद्यांच्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी. बाकी झाडावर १ टक्का बोर्डो, म्हणजे तेच एक-एक किलो १०० लिटर पाण्यात. डाळिंबाला तर हे चुकवू नका कारण जखमेतून तेल्या हा जिवाणूचा रोग शिरतो आणि एकदा शिरला की बाग हातची जाते. बोर्डो करताना मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये भिजवा, मग दोन्ही एकदम तिसऱ्यात ओता, आणि घासलेला लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून बघा, पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला, नाहीतर पानं भाजतील. केलेला बोर्डो त्याच दिवशी संपवा. फळ तोडणीला आलं असेल तर मात्र बोर्डो मारू नका, डाग पडतात.

द्राक्षवाल्यांचं दुःख मोठं असतं, वर्षभराचा पैसा पंधरा मिनिटांत जातो. गारपीट मार्चमध्येच येते असंही नाही, २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड भागात गारा पडल्या होत्या. घडातले फुटलेले मणी तसेच राहिले तर रस गळून चांगले मणीपण सडतात, म्हणून कात्रीनं फुटके मणी काढा, अर्ध्याच्या वर गेलेला घड पूर्ण काढा, आणि बागेच्या बाहेर नेऊन पुरा, वेलीखाली टाकू नका. तोडणी जवळ असेल तर औषधाच्या मागं लागू नका, मालात औषधाचा अंश राहतो आणि उरलेला चांगला मालही परत येतो. वर जाळी असेल तर गारा साचून ती खाली झोल घेते, गारा थांबल्यावर खालून बांबूनं हळू ढोसून गारा कडेला पाडा, पडत असताना जाळीखाली जाऊ नका, तार तुटली तर सगळं अंगावर येतं.

आणि दुकानदाराचं ऐकून दुसऱ्या दिवशी महागडी टॉनिकं मारू नका. आमच्या इथं एकानं विकलेलं चौदाशे रुपयांचं टॉनिक घेऊन मी स्वतः पैसे पाण्यात घातलेत. झाडाला पान नसेल तर टॉनिक घेणार कुठून? आठ-दहा दिवसांनी नवी फूट डोळ्याला दिसायला लागली की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला ५ ग्रॅम मारा, तेवढं बास आहे. भिजलेला कडबा उभा करून वाळवा आणि बुरशी आलेली पेंडी जनावराला घालू नका, कितीही टंचाई असली तरी.

गावात ज्याचं सगळं गेलंय त्याच्या घरी त्या दोन-चार रात्री जाऊन बसा. फोन करून नाही, जाऊन. आमच्याकडं त्या रात्री लाईट नव्हती, चूल ओली होती, शेजारच्या काकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या आणि उशिरापर्यंत बसल्या, वडील संध्याकाळपासून एक शब्द बोलले नव्हते ते तेव्हा बोलले. म्हणाले, "उद्या आधी कांद्यातलं पाणी काढू."