अनोळखी रानमधमाशी कशी ओळखावी?

पावसाळा सरत आला की कोल्हापुरात अंगणातल्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर एक माशी येते. तिच्या काळ्या पोटावर चमकदार निळे आडवे पट्टे असतात, ती एका मंजिरीसमोर क्षणभर हवेत स्थिर राहते आणि झटक्यात दुसरीकडे जाते. पोळ्यातील मधमाशीपेक्षा वेगळी अशी माशी दिसली, तर तिला न पकडता पुढील क्रमाने पाहावे.

प्रथम ती मधमाशांपैकीच आहे ना, याची खात्री करावी. पुष्कळ पट्टेदार माश्या मधमाशीसारख्या दिसतात. पण त्यांना पंखांची एकच जोडी, आखूड मिशा आणि डोके व्यापणारे मोठे डोळे असतात, तर मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या आणि लांब मिशा असतात. गांधीलमाशीची कंबर सहसा बारीक असते, अंग गुळगुळीत असते आणि ती पायांवर परागाचे ओझे वाहत नाही.

त्यानंतर परिचितांना वगळावे. आग्या, सातेरी आणि फुलोरी या मोहोळे बांधणाऱ्या माश्या, तर डंख न मारणारी इवलीशी काळी पोयाची माशी भिंतीच्या फटीत राहते. आग्या मोहोळाजवळ निरीक्षणासाठीसुद्धा जाऊ नये.

खरी ओळख पटते ती पराग कुठे साठवला आहे यावरून, आणि माझ्या मते रंगापेक्षा या खुणेवर अधिक विश्वास ठेवावा; कारण उन्हाच्या तिरपीने रंग फसवतो आणि जुन्या माशीचे केसही झडलेले असतात. पोळ्यातील मधमाशीच्या मागच्या पायावर परागाची ओलसर, घट्ट गोळी दिसते. निळ्या पट्ट्यांच्या माशीच्या मागच्या पायांवर दाट केस असतात व पराग त्यांत कोरडाच अडकतो. पानकापी माशी मात्र तो पोटाखालच्या केसांत भरते, त्यामुळे फुलावरून उठताना तिचे पोट खालून पिवळेधमक दिसते. जवळच्या गुलाबाच्या पानांच्या कडा कात्रीने कापाव्यात तशा गोल कापलेल्या असतील, तर संशयाला जागा फारशी उरत नाही. शेताच्या बांधावरच्या खुळखुळ्यावर येणारा मोठा काळा भुंगा वाळलेल्या लाकडात किंवा बांबूत भोक पाडून राहतो, म्हणून आसपासचे वासेही पाहावेत.

पराग दिसला नाही म्हणून निराश होऊ नये. नर पराग गोळा करत नाहीत आणि त्यांना डंखही नसतो.

छायाचित्रे किमान तीन कोनांतून घ्यावीत: वरून, बाजूने आणि चेहऱ्यासमोरून. पंखांवरच्या शिरांची जाळी स्पष्ट आल्यास अभ्यासकांना वंश ठरवणे सोपे जाते. छायाचित्रासोबत तारीख, वेळ, ठिकाण (रंकाळ्याचा काठ, पन्हाळ्याचा उतार, घराची बाग असे नेमके) आणि फुलाचे नाव लिहावे. केवळ छायाचित्रावरून जातीचे नाव ठरवण्याची घाई करू नये. वंशापर्यंत पोहोचलेली नोंदही मोलाची असते.

दिवसा माशी टिपता आली नाही, तर सायंकाळी तिथेच परत यावे. निळ्या पट्ट्यांच्या माशीचे नर वाळलेल्या काटकीला जबड्याने धरून, ओळीने लटकून झोपतात. तेव्हा ते हलत नाहीत, आणि भिंग असेल तर मिशीचे भागही मोजता येतात: नराला 13, मादीला 12.