फार्मसी विभागाची धुरा हाती घेताना: जूनआधीची तयारी

पदभार घेतला की टेबलावर पहिली फाइल नव्या इमारतीची येईल. ती बाजूला सारा आणि आधी फार्मसी कौन्सिलचा बी.फार्म.चा अभ्यासक्रम ओळ न ओळ वाचून काढा. तो देशभर एकच, त्यामुळे ‘सिलॅबसच जुना’ या रडगाण्यावर बैठका घेऊन हाती काही लागत नाही. सातव्या सत्रातलं प्रॅक्टिस स्कूल (एखादं क्षेत्र निवडून केलेला प्रत्यक्ष सराव), आठव्यातले ऐच्छिक विषय आणि प्रकल्प, एवढी जागा मात्र तुमची आहे. मागची वेळापत्रकं काढून बघा, दरवर्षी तेच दोन ऐच्छिक विषय कुणाच्या सोयीने लागतात! फार्माकोव्हिजिलन्स, म्हणजे औषधांच्या सुरक्षिततेवर नजर ठेवणं, शिकवायचं ठरलं, तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद प्रत्यक्ष दाखवण्यासाठी परळच्या केईएमसारख्या रुग्णालयाला आत्ताच पत्र पाठवा. परवानगीला वेळ लागतो.

खरा वेळ द्या प्रॅक्टिकलला. एका बॅचमधले किती जण एचपीएलसीला (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) स्वतः हात लावतात आणि किती जण नुसती जर्नलं उतरवतात, हे प्रयोगशाळेत उभं राहून बघा. यंत्र झाकून ठेवलेलं दिसलं, तर बहुधा देखभालीचा करार संपलेला असतो किंवा त्यातला कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) बिघडेल ही धास्ती असते. दुसरं यंत्र मागवण्याआधी करार करा. आणि लॅब असिस्टंटशी निवांत बोला. काय चालतं नि काय फक्त स्टॉक रजिस्टरमध्ये चालतं, ते त्यालाच ठाऊक. पहिल्या सत्रातले इफर्व्हेसंट ग्रॅन्यूल्स (पाण्यात फसफसणारे औषधी दाणे) मुंबईच्या पावसात ओल धरून बरणीतच फसफसतात. तो प्रयोग पाऊस ओसरल्यावर लावा, नाहीतर डीह्युमिडिफायरची सोय करा.

तारापूर-महापेच्या कारखान्यांकडे नुसती फेरी मागू नका. सुधारित शेड्यूल एम (औषधनिर्मितीच्या दर्जाचे नियम) लागू झाल्यावर बॅच रेकॉर्ड, म्हणजे औषधाच्या प्रत्येक खेपेची नोंद, कसं भरतात, ते दाखवायला सांगा. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या कागदांसाठी एक सामायिक फोल्डर पुरे.

राहता राहिलं समुपदेशन. रुग्णाला औषध समजावून सांगणं हे 2015 च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी फार्मासिस्टचं कामच ठरवलंय, आणि आपल्याकडे ते अजून बहुतेक लेखी प्रश्नापुरतंच उरलंय. अंतर्गत परीक्षेत विद्यार्थ्याच्या हातात इन्हेलर द्या, समोर रुग्ण म्हणून शिपाईमामांना बसवा आणि सगळं मराठीत सांगायला लावा. आदल्या दिवशी परीक्षकांनीही एकदा करून बघावं.